पळसाच्या पानांचा पुतळा

दादा, काल तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली. मला पुढच्या सतरंजीवर बसवलं. हेडमास्तर बोलले, मौलवीसाहेब बोलले, आणि तुझा तो जुना विद्यार्थी, जो आता कचेरीत कारकून आहे, तो मधेच रडायला लागला म्हणून त्याला खाली बसवलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, की मास्तर फार मोठे गणिती होते, हैदराबादेत राहिले असते तर कुठल्या कुठं गेले असते, पण त्यांचं गणित नेमकं काय होतं ते काही आम्हाला उमगलं नाही. हेडमास्तर तर हसून म्हणाले, "त्यांचं गणित त्यांनाच ठाऊक." मी पदर तोंडाला लावून बसले होते. लोकांना वाटलं बहीण रडतेय. मला उठून सांगावंसं वाटत होतं, की मला ठाऊक आहे. तुम्ही त्याचं नाव ऐकलंत, मी ते भोगलंय.

पण बोलले नाही. बायकांनी सभेत बोलायची पद्धत नाही, आणि काय सांगणार होते मी? जालन्यात मला मास्तरांची बहीण म्हणून ओळखतात, त्यापुढं कुणाला काही माहीत नाही. हिच्या कपाळाला कुंकू आहे आणि नवरा तर कधी दिसत नाही, तो जिवंत आहे का मेला, असं कुणी विचारलं की तू सरळ सांगायचास, "म्हाईत न्हाई." लोक एकमेकांकडे बघायचे. मी आत भांडी वाजवायचे. एवढा शिकलेला माणूस, पण दोन घटका वेळ मारून न्यायची अक्कल तुला देवानं दिली नव्हती.

तुझं गणित मला चुलीपुढं कळलं. तुला ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून तू मला सांगायचास. मी भाकरी थापत असायचे, तू परातीतल्या पिठावर बोटानं रेघ ओढायचास आणि मी तुझा हात झटकायचे. "गिरजे, ही वाट बघ. आपल्या रानातून निघाली अन् पाटलाच्या रानात गेली. मधी बांध हाय. मंग वाटंनं बांध कुठंतरी वलांडला का न्हाई?"

"वलांडलाच की."

"कुठं?"

"मला काय म्हाईत? कुठंतरी वलांडला असंल."

"झालं. दुनियेतले सगळे गणिती तुझ्यासारखंच बोलतात. कुठंतरी. मी म्हणतो, बोट ठेव. जागा दाखव. दाखवता येत न्हाई तर हाय म्हणू नको."

मी म्हणायचे, अरे, पण बांध ओलांडल्याबिगर वाट तिकडं जाईल कशी? तेव्हा तू खूश व्हायचास. म्हणायचास, हेच ते. नसंल असं धरायचं, मंग घोटाळा होतो, म्हणून हाय असं म्हणायचं. पण घोटाळा झाला म्हणून वस्तू काही हातात आली न्हाई. मंग सांगायचास, की कधी कधी वाट बांधाला अशी चिकटून चालते की ती अलीकडं आहे का पलीकडं हेच सांगता येत नाही. तिथं खरी अडचण आहे. जागेच्या जवळ जाता येतं, वीतभर जवळ, बोटभर जवळ, केसाच्या जाडीइतकं जवळ, म्हणशील तेवढं. पण ही जागा, असं बोट ठेवून सांगता येईलच असं नाही. एवढं सगळं नीट मांडायला तुझी किती वर्षं गेली. दुसऱ्यांनी दोन ओळींत उरकलेलं काम तू जमिनीवर जोंधळे मांडून पुन्हा पहिल्यापासून करायचास, आणि रात्रीच्या भाकरीला जोंधळे कमी पडले की मलाच विचारायचास कुठं गेले.

हैदराबादेत तू काय केलंस तेही तूच हसत सांगितलं होतंस. मायनं गळ्यातलं मोडून तुला तिकडं पाठवलं होतं. तिथंच तुला नोकरीवर ठेवून घ्यायचं जवळपास ठरलं होतं. तुझ्या प्रोफेसरसाहेबांनी फळ्यावर काहीतरी सिद्ध करून विचारलं, "क्यों मियाँ, साबित हो गया ना?" तू भर वर्गात उठून म्हणालास, "साबित हुआ जनाब, पर मिला नै." पोरं हसली, साहेबसुद्धा हसले. पहिल्या वेळेला हसले. मंग तू रोजच तसं म्हणायला लागलास, आणि जागा दुसऱ्याला गेली. कॉलेजात परदेशातली मासिकं यायची, त्यात युरोपातल्या कुणीतरी तुझ्यासारखंच डोकं चालवलेलं होतं, ते वाचून तू जास्तच चढलास. तू जालन्याला येऊन शाळेत लागलास. इथंही तेच. वरच्या वर्गाच्या पोरांनी परीक्षेत तुझ्या पद्धतीनं उत्तरं लिहिली, तपासणीला आलेला साहेब भडकला, आणि तुला खालच्या वर्गाला पाढे शिकवायला बसवलं. मला वाईट वाटलं. तू म्हणालास, बरंच झालं, पाढ्यांत कुठंतरी असं काही नसतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, दादा. हे तुझं होतं, तुझ्या जिवावर तू करत होतास. पण मंग तू तेच घेऊन माझ्या संसारात आलास.

तो माणूस, माझा नवरा, कापसाच्या गाड्या घेऊन जालन्याच्या जिनिंगला आल्ता. माल उतरवला, गाड्या गड्यांबरोबर परत धाडल्या, आणि निरोप दिला की मी मागून येतो. आला नाही. तेव्हा माझं वय काय होतं, पोरगीच होते. बदनापूरच्या जवळच त्यांचं गाव. सासरच्यांनी दोन सुगी वाट बघितली, मंग घरातली कुजबूज वाढली, आणि तू बैलगाडी घेऊन मला न्यायला आलास. गाडीत तू मला काही विचारलं नाहीस. जालन्यात आल्यावर तुझ्या खोलीत माझी ट्रंक ठेवलीस आणि म्हणालास, "इथं ऱ्हा." तेवढंच. त्या दोन शब्दांसाठी मी आजही तुझ्या पाया पडेन. बाकीचे सगळे बरेच बोलले होते, त्यातला एकही शब्द मला उपयोगी पडला नव्हता.

तू मला वाचायला शिकवलंस. हिशोब शिकवलास. लोक बोलायचे, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाहीस. भाजी खारट झाली तर खारट म्हणायचास, चांगली झाली तर चांगली, त्यामुळं तू चांगली म्हणालास की मला दिवसभर बरं वाटायचं. जगात एक माणूस असा होता की ज्याच्या शब्दावर पाय देऊन उभं राहता येत होतं. पण 'घाबरू नको' हे तू मला एकदाही म्हणाला नाहीस. पुढं काय होईल ते तुला माहीत नव्हतं ना.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तू त्याला शोधायला जायचास. कुणी सांगायचं परभणीला दिसला, कुणी नांदेडला, कुणी सिकंदराबादच्या गिरणीत. तू जायचास, उन्हानं काळाठिक्कर पडून परत यायचास. मी पाणी द्यायचे, तू पाणी प्यायचास. "तिथं न्हाई," म्हणायचास.

"मंग कुठंच न्हाई का?"

"तिथं न्हाई एवढंच कळलं."

मला वाटायचं, तांब्या घ्यावा आणि तुझ्या डोक्यात घालावा.

मंग वडीगोद्रीचा रंगनाथ आला. तुझ्याच हाताखाली शिकून गेलेला, रस्त्यावर त्याचं किराण्याचं दुकान. बायको बाळंतपणात गेल्ती, पदरात एक लहान मुलगी. माल भरायला जालन्याला यायचा तेव्हा मुलीला आपल्याकडे सोडून जायचा. मी तिचं डोकं विंचरायचे. केसांत गाठीच गाठी. पहिल्या वेळेला रडली, पुढच्या वेळेला स्वतःच फणी घेऊन येऊन बसली. एक दिवस रंगनाथनं मायला माझ्यासाठी सरळ विचारलं. आपल्यात पाट लावायची, म्हणजे बाईचं दुसरं लग्न लावायची रीत आहे, त्यात चोरून करण्यासारखं काही नव्हतं. काडीमोड घ्यायला नवरा समोर लागतो, तो तर नव्हता. मंग उरला एकच रस्ता. नवरा परागंदा होऊन बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि बाई मोकळी. बारा वर्षं झाली होती. माझे दीर तयार होते. जोशीबुवा तयार होते. आमच्या भागात त्यात एक रीत अशी, की पुतळ्याला अग्नी देण्याआधी एक माणूस सासरचा आणि एक माणूस माहेरचा, दोघांनी सगळ्यांपुढं तोंडानं म्हणायचं, हा गेला. बस, एवढंच. माहेरचा पुरुषमाणूस एकटा तूच होतास.

मंठ्याकडच्या आपल्या घरी सगळे जमले. मी आतल्या दारात उभी होते, मायनं मला तिची ठेवणीतली साडी नेसवली होती. मला वाटत होतं, तासाभराचं काम आहे. दीर तुला समजावत होते.

"मास्तर, जित्ता असता तर बारा वर्सांत एक सांगावा आला नसता का? न्हाई आला. मंग जित्ता न्हाई. तुमचंच गणित हाय."

"माझं न्हाई ते," तू म्हणालास. "जित्ता असून सांगावा न धाडणारा माणूस मी बघितला. मागच्या उन्हाळ्यात सिकंदराबादला भेटला. मंठ्याचाच. माझ्यासंगट चहा पेला. त्याचा पुतळा जाळून चार वर्सं झाली. हाटेलात बसून लेकरासारखा रडून राह्यल्ता."

जोशीबुवांनी खाकरून म्हटलं, "मास्तर, शास्त्रानं जे सांगितलंय ते..."

"शास्त्रानं पुतळा जाळा म्हटलं, जाळा. मी अडवत न्हाई. पण तो गेला हे मला म्हाईत न्हाई. मी ते म्हणणार न्हाई."

माय तुझ्यापुढं पदर पसरून उभी राहिली. आपली माय, जिनं जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता. तू खाली बघितलंस. तिचा पदर उचलून तू पुन्हा तिच्या खांद्यावर ठेवलास, ते मी दारातून बघितलं. म्हणजे तुला दिसत होतं. मला वाटतं तेव्हाच मी तुझ्यावर जास्त चिडले. तुला दिसत नसतं, तू दगड असतास, तर मी सोडून दिलं असतं.

संध्याकाळी परत येताना मी तुला गाडीत विचारलं होतं. आठवतंय का? मी म्हणाले, "त्या मंठ्याच्या माणसाला तू भेटलास. त्याच्या बायकोला भेटलास का?"

तू म्हणालास, "न्हाई."

"तिनं पाट लावला. तिला दोन लेकरं हायती. मायला म्हाईत हाय ती. बरी नांदती म्हणे. तो तिकडं हाटेलात रडतो, ते तू बघून आलास. ती इकडं हसती, ते कोण बघणार? तो टाकून गेल्ता ना तिला? मंग पुतळा जाळला तर तिचं काय चुकलं?"

बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मंग म्हणालास, "याचं उत्तर माझ्याकडं न्हाई गिरजे. इचार करतो." दादा, तू विचार करत राहिलास. ते भांडण तिथंच राहिलं. मधून मधून मी टोकायचे, झाला का इचार? तू म्हणायचास, न्हाई झाला. रंगनाथ वर्षभर थांबला, मंग त्यानं घनसावंगीकडची बायको केली. मुलगी आपल्याकडे यायची बंद झाली. मी त्या वाटेवर राहिले, तुझ्या त्या बांधाला चिकटून चालणाऱ्या वाटेवर. अलीकडं नाही, पलीकडं नाही. संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण माझ्या ओटीत वाण घालताना त्यांचा हात आखडायचा. माझ्या कपाळाचं कुंकू त्यांना खरं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.

मला तुझा राग येतो तेव्हा मी मुद्दाम दुसरं आठवते, नाहीतर दिवस जायचा नाही. लढाईच्या वर्षांत रॉकेल मिळत नव्हतं, तू दिवस मावळायच्या आत लिहायला बसायचास आणि मी चूल उशिरा पेटवायचे, धूर तुझ्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. त्या लिखाणाला कलकत्त्याच्या मासिकानं जागा दिली. पोस्टमननं पुडकं आणलं. तू ते उघडून मला दाखवलंस, पहिल्या पानावर इंग्रजीत तुझं नाव. मी त्यावर हळदकुंकू वाहिलं. तू हसलास, म्हणालास, "अगं, छापलंय त्याला डाग पाडून राह्यलीस." पण पुसलं नाहीस. जालन्यात ते वाचू शकणारा कुणी नव्हता. तू मला त्यातला शेवटचा भाग मराठीत समजावून सांगितलास, पुन्हा वाट आणि बांध, आणि या वेळी मला सगळं कळलं. कळल्यावर मी म्हणाले, बराबर हाय. तुझा चेहरा असा उजळला की बस. तुला कुणीतरी बराबर म्हणायला हवं होतं आणि जगात तेवढी एक मी होते. त्या दिवशी मी तुला सगळं माफ करून टाकलं असतं, तू मागितलं असतंस तर. पण आपण काही चुकलो हेही तुला माहीत नव्हतं.

तू लग्न केलं नाहीस. का केलं नाहीस? माझा प्रश्न सुटल्याबिगर करायचं नाही म्हणून, असं माय म्हणायची. तुला विचारलं तर तू खांदे उडवायचास. तेही मला कधी कळलं नाही.

मंग हा ताप आला. सध्या मुलखात दंगली-जाळपोळ, रस्त्यानं जायचं म्हणजे जीव मुठीत, रेल्वेचा भरवसा नाही, औरंगाबादेहून औषध येणार होतं ते आलंच नाही. दवाखान्यातला डॉक्टर चांगला माणूस, रोज आला, पण हात चोळत बसायचा. तू तापात पाढे म्हणायचास. एका दुपारी शुद्धीवर होतास, डोळे स्वच्छ होते. मी कपाळावरची पट्टी बदलत होते. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "दादा, आता तरी सांग. तो मेला असंल का?"

तुला वाटलं असेल, ही बया मरणाऱ्यालाही सोडत नाही. पण तू रागावला नाहीस. तू खरंच विचार केलास, ते मला तुझ्या कपाळावरून दिसत होतं. एवढ्या तापात तू माझ्यासाठी पुन्हा एकदा सगळं तपासून बघितलंस. आणि म्हणालास, "म्हाईत न्हाई गं." त्यानंतर तू शुद्धीवर आला नाहीस. लोकांचे शेवटचे शब्द देवाचं नाव असतात.

दहाव्याला रंगनाथ आला. केस पिकलेत, पोट सुटलंय. मुलगीपण बरोबर होती, उंच झालीय, साडी नेसते. तिनं मला वाकून नमस्कार केला, म्हणाली, "मावशी, वळखलं का?" मी तिच्या वेणीकडं बघत राहिले. कुणीतरी चांगली घट्ट घालून दिली होती.

सगळे पांगल्यावर रंगनाथ माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "गिरजाबाई, एक गोष्ट तुम्हांला सांगायची राह्यली. मास्तरनं सांगू नको म्हनलं व्हतं. आता ते गेले." आणि त्यानं सांगितलं. त्या बैठकीनंतर आठ-पंधरा दिवसांनी तू एकटा वडीगोद्रीला गेला होतास. त्याच्या दुकानाच्या फळीवर बसून त्याला म्हणाला होतास, की गिरजेला तशीच घरी आण. पुतळा नको, पाट नको, कुणालाच खोटं बोलायला नको. मी स्वतः आणून सोडतो, आणि जे कुणी बोलंल त्याला मी तोंड देतो.

"मंग?" मी विचारलं.

"मला पोरीचं लगीन करायचं व्हतं पुढं. इनाकारण तिच्यावर बोट आलं असतं. मी न्हाई म्हनलं. मास्तर म्हनले, बराबर हाय तुझं. अन् उठून गेले."

"मला का न्हाई सांगितलं?"

"मी बी तेच इचारलं मास्तरला. ते म्हनले, ती हो म्हनंल का न्हाई म्हनंल, मला म्हाईत न्हाई."

दादा, अरे, विचारायचं होतंस. त्याला काही सिकंदराबादला जावं लागत नव्हतं. सुट्टी टाकावी लागत नव्हती. मी चुलीपुढं बसले होते, तुझ्यापासून दोन हातांवर. आख्खा मुलूख पालथा घातलास एका माणसाचा पत्ता लावायला, आणि समोर बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नाहीस. तू आणि रंगनाथ, दोघा पुरुषांनी किराण्याच्या दुकानात बसून माझं ठरवलं, एकानं देऊ केली, दुसऱ्यानं नको म्हटली, आणि मी इकडं तुला गरम भाकरी वाढली असेन. मी गेले असते. लोक थुंकले असते तरी गेले असते. पंचांची, जोशीबुवाची, कुणाची मला पर्वा नव्हती, मला ती फणी घेऊन येणारी पोर पाहिजे होती. तुझ्या सगळ्या गणितात एवढी एकच गोष्ट अशी होती की जी बोट ठेवून दाखवता आली असती. ती तू सोडलीस.

आणि तरी तू गेलास ना तिकडं. खोटं बोलायला लागू नये म्हणून का होईना, पण तू सगळ्या गावाचं बोलणं अंगावर घ्यायला निघाला होतास. हे ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. तुझ्यावर धड रागावताही येत नाही, हाच तर खरा ताप आहे.

चार दिवसांमागं माझे दीर आले. त्यांच्या मुलीचं जमतंय, पलीकडच्यांनी विचारलं की थोरल्या भावाचं काय झालं, पुतळा झाला का? ते दारातच उभे राहिले, म्हणाले, "वैनी, तुमची माय गेली, आता मास्तर गेले. माझं बी वय झालं. आता माहेरकडून तुमीच हायसा. तुमी तरी बोला." जोशीबुवांना विचारून आले होते, माहेरी पुरुष उरला नसला तर बाईनं म्हटलं तरी चालतं. मी ट्रंकेतलं लुगडं काढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. बदनापूरपर्यंत रेल्वे मिळाली, पुढं बैलगाडी.

नदीच्या कडेला त्यांनी पुतळा मांडला होता. पळसाची पानं, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. वाळून सगळं कुरकुरीत झालं होतं. माझ्या मनात त्या माणसाचा चेहरा आणायचा मी प्रयत्न केला, नाही आला. दीर पुढं झाले, म्हणाले, "माझा भाऊ गेला." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मंग सगळे माझ्याकडे बघायला लागले. जोशीबुवांनी विचारलं, "बाई, खात्री हाय नव्हं?"

मी म्हणाले, "हाय. गेला."

खोटं होतं. मला काय माहीत? तो कुठंतरी हॉटेलात चहा पीत बसला असेल. पण म्हणून टाकलं. एवढा एक शब्द, दादा, म्हणायला श्वाससुद्धा पुरता लागला नाही. आभाळ फाटलं नाही, नदी होती तशी वाहत होती. कुणी मला विचारलं नाही की दाखव. दीरांनी अग्नी दिला, पानं भराभर जळाली. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले, दीरांच्या मुलीचा तर जास्तच. तू हे करू शकला असतास. सहा-सात वर्षांपूर्वी, एका संध्याकाळी, माय पदर पसरून उभी असताना. तुझं सगळं गणित दुसऱ्या दिवशी होतं तिथंच असतं, वाट आणि बांध, जोंधळे आणि सगळं. त्यातला एक दाणा इकडचा तिकडं झाला नसता.

मंग एका म्हातारीनं दगड घेतला आणि माझ्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. तिचा हात हलका होता, कुठं लागलं नाही. "सुटलीस बाई," ती म्हणाली, "आता मोकळी झालीस." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मी हात धुतले आणि त्यांच्या मागं चालायला लागले. शाळेनं दिलेली तुझी खोली मला महिनाअखेर रिकामी करायची आहे. मोकळी झाले म्हणे मी. कशाला, ते कुणी सांगितलं नाही. तू असतास तर तूही सांगितलं नसतंस. तुला माहीत नसतं, आणि माहीत नसलेलं तू बोलत नव्हतास.